दर शुक्रवारी रिकामी होणारी पेटी

प्रिय धाकटे,

तुझं पत्र मिळालं. एचआयव्ही रोखण्याच्या तुझ्या कार्यक्रमात बावीस ट्रकडेपोंमध्ये आमचा डेपो पहिला आला आणि त्याचं श्रेय तू या कारकून दादाला दिलंस. संस्कृतात पहिला येऊन ज्याला गाड्यांच्या फेऱ्या लिहायच्या वहीपलीकडे काही मिळालं नाही, त्याला हे दुसरं यश पन्नाशीत लाभलं. पण ते पत्र मी कुणालाच दाखवलं नाही.

आठवतं ना, गेल्या वर्षी कंडोमची ती पत्र्याची पेटी घेऊन आलीस, मला स्टूल धरायला लावलंस आणि माझ्या टेबलाच्या बरोबर वर स्क्रू पिळलेस. म्हणालीस, "दादाच्या नजरेखाली राहू दे, कुणी पळवणार नाही." खरोखरच कुणी पळवलं नाही. एकसुद्धा नाही! हे ड्रायव्हर मला शास्त्रीबुवा म्हणतात, मला पाहून सिगारेट पाठीमागे लपवतात. ते माझ्यादेखत त्या पेटीत हात घालणार? एक चाळिशीचा ड्रायव्हर तर तीनदा पेन मागायला आला. तिन्ही वेळा पेटीकडे पाहिलं आणि पेन घेऊन गेला. मला कळलं होतं. मी वहीत डोकं खुपसून बसलो.

तुला सांगायला हवं होतं. शृंगाराचे श्लोक मी भर सभेत अन्वयासकट समजावून देतो, पण सख्ख्या बहिणीसमोर हा तीन अक्षरी शब्द उच्चारायचा म्हटलं की माझी वाचा बसते. पहिल्या शुक्रवारी तू पेटी भरायला आलीस आणि ती जशीच्या तशी पाहून तुझा चेहरा एवढासा झाला. पुढच्या शुक्रवारी तू यायच्या आधी मी तीस पाकिटं काढून खालच्या खणात टाकली. तू आत डोकावलीस आणि परकर नेसायच्या वयात वाजवायचीस तशी टाळी वाजवलीस. मग काय, दर शुक्रवारचं व्रतच झालं. खण भरला, मग जुन्या वह्यांमागचं कपाट.

गेल्या गुरुवारी तुमचं तपासणी शिबिर झालं. तो पेनवाला बाधित निघाला. कागद वाचून घ्यायला माझ्याकडेच आला. त्याचं नाव मी लिहीत नाही. मी नको ते विचारलंच, तर ओशाळून हसत म्हणाला, "शास्त्रीबुवा, तुमच्यासमोर हात कसा घालणार होतो?" लागण पेटी लागण्याआधीची की नंतरची, कोण सांगणार? त्या शंकेच्या आडोशाला मी दोन दिवस बसून पाहिलं. तिथे बसवत नाही. त्याचे उपचार सुरू झालेत, उद्या त्याची बायको तपासणीला येते आहे.

हे सगळं आजच लिहितोय, कारण सोमवारच्या बैठकीत तू माझे आकडे दाखवून सगळ्याच डेपोंमध्ये कारकुनाच्या टेबलावर पेटी लावायला सांगणार आहेस. सांगू नकोस. हवं तर हे पत्र वाचून दाखव, माझ्या नावानिशी. शनिवारी मी भरलेली पेटी स्वतः उतरवली आणि न्हाणीघराकडच्या बोळात, आतून कडी लागणाऱ्या दाराआड बसवली. आज बुधवार. सकाळी जाऊन पाहिलं, पेटी रिकामी आहे. या वेळी मी हात लावलेला नाही.

तुझाच,
टाळ्यांना अपात्र
दादा