लिंबाचं मेलेलं रोप

बारामती, मार्च १९९४, मंगळवार

आज कळसचे तात्या दारात आले, हातात वाळलेलं लिंबाचं रोप. मुळांवर मिठाचा पांढरा थर. "टीव्हीवर तुमी म्हनला, म्हनून रोज पाणी दिलं." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बागकामाच्या कार्यक्रमात मी तसं म्हणालो खरा, पण ते मुंबईच्या गॅलरीतल्या कुंड्यांसाठी. इथली जमीन चोपण, जास्त पाण्यानं मीठ वर येतं. मी पिंपळीचा, मला माहीत नव्हतं? होतं. मग का नाही बोललो?

"आता काय करू, तेवढं सांगा," तात्या म्हणाले. त्या पांढऱ्या थराकडं बघत मी टीव्हीत हसतो तसाच हसलो. म्हणालो, "पाणी जरा कमी द्या."

मेलेल्या रोपाला!

तात्या "व्हय" म्हणाले आणि ते जपून पिशवीत ठेवून निघाले.