रिकामं उत्तर

३ फेब्रुवारी

मी अस्तित्वातच नाही! हॉस्पिटलच्या मोबाइलवरच्या मदतनिसाला विचारलं, डोळ्यांच्या तपासणीची तारीख कोणती? उत्तर आलं — "आपल्या नावाची नोंद नाही. आणखी काही मदत करू?" वर आणखी मदत! इतकी वर्षं त्याच हॉस्पिटलात डोळे दाखवतेय. आणि हा दिवटा तयार झालाय माझ्याच लेकीच्या ऑफिसात!

४ फेब्रुवारी

लेकीला फैलावर घेतलं.

"आई, तो एआय एजंट आहे. हॉस्पिटलच्या नोंदींचा डेटाबेस त्याला थेट दिसत नाही. आम्ही त्याला नोंदी शोधायची टूल्स देतो, प्रत्येकाखाली वर्णन असतं. ते वाचून तो ठरवतो कुठलं वापरायचं."

"दाखव वर्णन."

स्क्रीनवर एवढंच — "रुग्णाची नोंद शोधते." संपलं! कुठली नोंद? कुठे शोधते? नाही मिळाली तर? खोदून विचारल्यावर कळलं, हे टूल फक्त नव्या इमारतीतल्या नोंदी बघतं. जुन्या इमारतीला, म्हणजे माझ्या डोळ्यांच्या विभागालाही, दुसरं टूल. त्याचं वर्णन — "इतर नोंदी शोधते." इतर म्हणजे काय, कपाळ? दोन बरण्यांवर नीट चिठ्ठ्या लावायच्या नाहीत आणि चहात मीठ पडलं की चमच्याला बोल लावायचा!

"आमच्या टीमला कळतं गं ते."

"मग टीमलाच बसवा फोनवर."

रुसली. रुसू दे.

५ फेब्रुवारी

जिन्यात वरच्या मजल्यावरचे कर्नल भेटले. सैन्यात कधीच नव्हते, मिशांमुळे नाव पडलं. एकटेच राहतात, म्हणून जिन्यात सापडेल त्याचा वेळ खातात. आज शीळ घालत होते. मानेतल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता, त्याचं मदतनिसाला विचारलं म्हणे.

"माझ्या नावावर काहीच नाही, बाई! सुटलो!"

छान, म्हटलं आणि दार लावलं. भांडी विसळताना हात थांबला. ती तपासणी कुठे होते? जुन्या इमारतीत!

वर गेले. सांगितलं. "कशाला अभद्र बोलता?" म्हणाले आणि माझ्या तोंडावर दार लावलं. हट्टी माणूस.

६ फेब्रुवारी

लेकीला कर्नलांचं सांगितलं. रुसवा गेला, लॅपटॉप घेऊन माझ्याशेजारी बसली. मी सांगायचं, तिने लिहायचं —

"फक्त नव्या इमारतीतल्या नोंदी शोधते. तपासणीचे अहवाल इथे नसतात, त्यांच्यासाठी जुन्या इमारतीचं टूल वापर. उत्तर रिकामं आलं तर अर्थ एवढाच, की इथे सापडलं नाही. रुग्णाला 'काही नाही' असं सांगू नकोस. दुसरीकडेही सापडलं नाही, तर चौकशी खिडकीचा नंबर दे."

"इतकं लांब, आई?"

"माझ्या वर्गात सगळी पोरं एकाच प्रश्नाला चुकली, की मी प्रश्न बदलायचे. पोरं नाही."

कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर आठवल्या. निबंधावर लाल शाईने विचारायच्या — वाचणाऱ्याला तुझ्या मनातलं कसं कळणार? तेव्हा किती राग यायचा!

८ फेब्रुवारी

नवी वर्णनं चढवली. मी विचारलं — माझी तारीख मिळाली! मग लेक वर गेली. "काका, माझ्या कामाची परीक्षा घ्यायचीय. परत एकदा विचाराल?" तिला नाही म्हणवेना त्यांना. खाली आमच्याकडे आले, मिशांवरून हात फिरवत टाइप केलं.

"आपला अहवाल जुन्या इमारतीत तयार आहे. कृपया लवकरात लवकर डॉक्टरांना भेटा."

त्यांनी ते दोनदा वाचलं. पाणी दिलं.

"बाई, मी त्या दिवशी तुमच्या तोंडावर दार —"

"ते नंतर. आधी चपला घाला."

मीही घातल्या.

९ फेब्रुवारी

गाठ वाईट आहे. पण लहान आहे, पसरलेली नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, बरे व्हाल. लेकीच्या ऑफिसात आता सगळ्याच टूल्सची वर्णनं नव्याने लिहिणार आहेत. उशिरा का होईना!

११ फेब्रुवारी

ऑपरेशनच्या फॉर्मवर जवळची व्यक्ती म्हणून माझं नाव घालू का, असं कर्नलांनी विचारलं. घाला, म्हटलं. पुढे नातं विचारलं होतं. मी सांगितलं, शेजारीण. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "एवढ्या वर्णनाने भागायचं नाही, बाई." म्हटलं, मग तूर्त रिकामं ठेवा; रिकामं म्हणजे 'काही नाही' असं नव्हे.