हिरलेकरांचा डावा हात

२ डिसेंबर १९५६

मोहनराजला नट म्हणायचं, तर आमच्या खुंटीवरच्या कोटालाही म्हणावं लागेल. काल तंबूत 'उसनं सौभाग्य' पाहिला. शेजारची विठाबाई मोहनराजसाठी आली होती, मी हिरलेकरांसाठी. बायको मेली तेव्हा मोहनराजनं काय केलं? केस सावरले. आणि सगळं कळंब म्हणतंय – काय काम केलंय!

हिरलेकरांना अख्ख्या सिनेमात दहा मिनिटं. खेड्यातले पोस्टमास्तर. एक म्हातारी लेकाला पत्र लिहून घ्यायला येते. लेक गेल्याची तार ह्यांच्याच खिशात. ती सांगते, हे लिहितात. 'थंडीचं जपून राहा' इथं टाक जरा थांबतो, मग पुन्हा चालू लागतो. बस, एवढंच. मी पदराचा बोळा तोंडात धरला.

आणि टाक डाव्या हातात – माझ्यासारखाच! एवढा मोठा नट, त्याला कोणी अपशकुनी म्हणत नाही.

३ डिसेंबर

विठाबाई आमच्या ओट्यावर येऊन वाद घालत बसली. "मागल्या सिनेमात मोहनराज बी डाव्या हातातच तलवार धरत हुता की." धरणारच. हिरलेकरांची नक्कल! लोकांना एवढंसुद्धा कळत नाही.

सिनेमा बघणं हीसुद्धा विद्या आहे. आमच्या तंबूत मधोमध पडदा. पुढून पुरुष बघतात, मागून बायका. आमच्या बाजूनं पाट्या उलट्या येतात. मी त्या घडाघडा वाचते आणि विठाबाईला नावं सांगते. सिनेमातल्या बायका पदर उजव्या खांद्यावर घेतात. मुंबईची फॅशन. चांगली दिसत नाही.

९ डिसेंबर

तुळजापूरचं स्थळ येतंय, येत्या रविवारी. मुलगा राघवेंद्र, धाराशिवला कचेरीत कारकून. घरी देवाधर्माचं मोठं प्रस्थ. आधीची दोन स्थळं माझ्या ह्या डाव्या हातापायी मोडली, म्हणून आई रोज तालीम घेते – उजव्या हातानं चहा दे, उजव्या हातानं वाढ. "त्यांना सुगावा लागता कामा नये, शामे." बाबा शाळामास्तर असून मला छडीनं उजवी करू शकले नाहीत, ते आई आठ दिवसांत करणार!

आणि लग्न झाल्यावर? जन्मभर हेच नाटक? मला तर मोहनराजइतकंसुद्धा नाटक येत नाही.



१६ डिसेंबर

झालं ते नीट लिहून ठेवते.

चहा उजव्या हातानं दिला. सांडला नाही. मग मुलाच्या आई म्हणाल्या, "नाव लिहून दाखव, बाळ." कागद पुढं आला. उजव्या हातानं 'शा' काढला – कोंबडीनं उकरल्यासारखा. मला त्या अक्षराची लाज वाटली. पेन डाव्या हातात घेतला आणि सगळं नाव, बाबांचं नाव, गाव, तालुका, सगळं मोत्यासारखं लिहून दिलं.

मुलाच्या आईंनी कागद बाजूला ठेवला. मग त्या बाबांना म्हणाल्या, "डावरी आहे होय? आमच्यात देवीचं करायचं असतं. डाव्या हाताचा नैवेद्य कसा चालंल?"

बाबा खाली बघत राहिले. मला ते सहन झालं नाही. म्हटलं, "हिरलेकर डावरे आहेत. त्यांच्यापुढं सगळे हात जोडतात."

तेव्हा मुलगा पहिल्यांदा बोलला. "हिरलेकर? ते उजव्या हातानं लिहितात. मी 'उसनं सौभाग्य' सोलापूरला दोनदा पाहिलाय."

"दोनदा पाहूनही तुम्ही नीट पाहिला नाही," मी म्हणाले.

आईनं कपाळाला हात लावला. माणूस बरा वाटला, ते राहिलंच लिहायचं. पण नजर कच्ची.

१७ डिसेंबर

आई बोलत नाही. बाबा एवढंच म्हणाले, "खामखा वाद कशाला घातलास?"

३० डिसेंबर

तुळजापूरहून पत्र नाही. नकार कळवायलाही कुणी दोन आण्यांचं पाकीट खर्च करत नाही.

१४ जानेवारी १९५७

संक्रांत. तंबूवाल्यानं आज दुपारचा खेळ फक्त बायकांसाठी ठेवला – तोच सिनेमा, बसा कुठंही! वाणवसा आटोपून मी आणि विठाबाई धावत जाऊन पुढच्या बाजूला बसलो. आयुष्यात पहिल्यांदा.

पाट्या सरळ आल्या. मजा वाटली. मग नायिका आली, पदर डाव्या खांद्यावर. आपल्यासारखाच. मी विठाबाईचं मनगट धरलं. विठाबाई विचारत होती, "काय झालं गं?" मी हिरलेकरांची वाट बघत होते.

हिरलेकरांनी टाक उचलला. उजव्या हातात.

अक्षरं उलटी येतात हे मला ठाऊक होतं. माणसंही उलटीच येत असणार, हे एकदाही डोक्यात येऊ नये! आणि मी त्या माणसाला त्याच्या आईदेखत सांगितलं, तुम्ही नीट पाहिला नाही.

१५ जानेवारी

मोहनराजची एका बाबतीत माफी. त्यानं नक्कल केली नव्हती. नट मात्र तो नाहीच.

हिरलेकर उजव्या हातानंही तेवढेच मोठे. काल टाक थांबला तिथं मला पुन्हा रडू आलं. पण थोडं स्वतःसाठीही आलं. इतके दिवस वाटायचं, आपल्या बाजूनं एक मोठा माणूस आहे. तो नव्हताच.

तरी 'शा' उजव्या हातानं काढायचा नाही. लग्न होवो न होवो.

२४ जानेवारी

राघवेंद्रचं पत्र, बाबांच्या नावानं. आईलाही ऐकू जावं म्हणून बाबांनी मोठ्यानं वाचलं –

"मंगळवारी कळंबला येऊन सिनेमा पाहिला. बायकांच्या बाजूला बसू देईनात, म्हणून त्या बाजूची कनात उचलून बाहेरूनच पाहिला. लोकांनी हाकलेपर्यंत तो प्रसंग संपला होता. आपल्या मुलीचं बरोबर आहे. तिथून हिरलेकर डावरेच आहेत. आमच्या आईची समजूत काढतो आहे, ती निघेल. शामलाबाईंची मर्जी काय, ते त्यांनीच कळवावं."

बाबांनी कोरा कागद आणला. पेन माझ्या डाव्या हाताशी ठेवला आणि शाळेला निघून गेले.