साखर एकशे आठ असताना

मी, शिंप्याची थोरली लेक, कपडे शिवायच्या दुकानाची मालकीण, सगळ्यांची 'कटिंगताई', हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दबावाखाली न येता लिहिते. पुरावा: नर्सने आत्ताच बोट टोचून साखर मोजली, एकशे आठ. 'ताईला भान नव्हतं' असं धाकटा भाऊ कोर्टात सांगणार, मी ओळखून आहे त्याला.

१. आधी आजाराचं. माझ्या स्वादुपिंडात इन्सुलिन सोडणारी दुर्मीळ गाठ निघाली. तिच्यामुळे साखर उतरायची, जीभ जड व्हायची, बाही वाकडी कापली जायची. धाकट्याने चार वर्षं 'ताई पिते' म्हणून डांगोरा पिटला. एकदा तर गिऱ्हाइकांसमोर माझं तोंड हुंगलं. वास आला नाही, तर म्हणाला, "वास न येणारी पिते!" आणि दुकानाच्या किल्ल्या काढून घेतल्या. दवाखान्यात मात्र नेलं नाही मेल्याने. तोवर गाठ यकृतात पसरली. आता जांघेतून नळी घालून तिथल्या गाठींचा रक्तपुरवठा दोनदा तोडलाय, दर महिन्याला इंजेक्शन असतं. आधी आला असतात तर कदाचित एका ऑपरेशनवर भागलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

२. दुकान, शिलाई मशिनी आणि कटिंगचं टेबल दुकानात काजं-बटणं करणाऱ्या काजवालीला. मी बरळू लागले की ती काजं सोडून उठायची आणि चमचाभर साखर तोंडात कोंबायची. "आधी गिळा, मग शिव्या द्या."

३. मोठी कात्री भावजयीला. धाकट्याने माझं तोंड हुंगलं त्या दिवशी ती मान खाली घालून गप्प बसली, म्हणून धार न लावता द्यावी.

४. धाकट्याला दुकानात काम करायचं असेल तर करू द्यावं. फक्त रोज सकाळी दारातच काजवालीने त्याचं तोंड हुंगावं. गिऱ्हाइकं असताना.

५. हे कलम मी खोडलं आहे. त्यात होतं: 'धाकट्या, तुला मांडीवर झोपवून मी बटणं लावायला शिकले. जा, माफ केलं. दुकान तूच घे.' लिहिताना घाम फुटला, नर्सने बोट टोचलं. साखर सेहेचाळीस. म्हणजे तेव्हा मी भानावर नव्हते. साखर खाऊन, थांबून पुन्हा मोजली, एकशे बारा. सबब ते कलम धरू नये.

एकाच रेघेने खोडलंय, वाचता येईल असं. काय हातातून गेलं ते त्याला कळू दे.

सही: कटिंगताई
साक्षीदार: १. हॉर्मोनच्या डॉक्टरीणबाई २. बोट टोचणारी नर्स
स्थळ: रुग्णालय, तिसरा मजला, खिडकीजवळची खाट
दिनांक: १४ मार्च, सकाळी साडेअकरा