शेजारच्या सीटचा ब्रेक

आदरणीय साडूभाऊ,

साष्टांग नमस्कार. (खरं तर सप्तांगच धरा, कारण उजवं कोपर सोललेलं आहे. कसं, ते पुढे येईलच.) गॅरेजच्या खड्ड्यात उतरताना तुमची कंबर अजून धरते का, ताईंचा गुडघा काय म्हणतो, ही चौकशी मनापासून करतो. आम्ही दोघं खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे. त्यातली तुमची मेहुणी नको तितकी खुशाल आहे. माझ्याबद्दल हे पत्र आहे.

एकदा दोघांनी वाळवंटातून गाडी काढा, रस्ता सरळ, रहदारी नाही, भांडायला निमित्तच मिळणार नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात. साडूभाऊ, निमित्त आम्ही घरूनच घेऊन निघालो होतो. 'निम्मा प्रवास गाडी मी चालवणार' अशी हिने अट घातली होती. लायसन्स तिच्याकडे लग्नाआधीपासून आहे, पण गाडी तिच्या हातात द्यायची वेळ आजवर आली नाही. (मी येऊ दिली नाही, असं तिचं म्हणणं.) मी ताबडतोब हो म्हणालो. का म्हणू नये? गाडी माझ्या ड्रायव्हिंग स्कूलची, शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक, तोही तुमच्याच हातचा. अर्ध्या शहराला मी त्या ब्रेकवर पाय ठेवून गाडी शिकवली आहे. शिवाय निघायच्या आधी गाडी तुमच्याकडे तपासायला दिली होती आणि तुम्ही 'अगदी बिनघोर जा' म्हणाला होतात. म्हणून बिनघोर निघालो. टपावरची 'शिकाऊ चालक, अंतर ठेवा' ही पाटी तेवढी मी काढू दिली नाही, त्यावरून हिने पहिल्या दिवशी दिवसभर माझ्याशी अबोला धरला. पण पाटी खोटी ठरली नाही. लोकांनी इतकं अंतर ठेवलं की पुढचे दोन दिवस आम्हाला माणूस दिसला नाही.

आता वाळूत रुतल्याची हकिकत तुमच्या कानावर हिच्या तोंडून तिखटमीठ लावून येईलच, म्हणून आधी खरी काय ती ऐका. त्या वेळी गाडी मी चालवत होतो. पक्का रस्ता संपून वाळूतली चाकोरी सुरू झाली होती. हिने मला बजावलं की भाऊजी म्हणालेत, मऊ वाळूत थांबायचं नाही, गाडी चालती ठेवायची. ठीक आहे. पण पुढे दुसरी चाकोरी आडवी येत होती आणि तिथे 'थांबा' अशी पाटी होती. वाकलेली होती, रंग उडालेला होता, पण पाटी होती. आता सांगा, ज्या माणसाने आयुष्यभर पोरांना 'थांबा म्हणजे थांबा, रस्ता रिकामा असला तरी थांबा' असं घोकवलं, त्याने काय करावं? मी थांबलो. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं. तिन्ही वेळा क्षितिजापर्यंत कोणी नव्हतं. मग गिअर टाकला, तर गाडी पुढे जायच्या ऐवजी खाली गेली. नियम पाळल्याची शिक्षा मिळणारी ही जगातली एकमेव जागा असावी.

हिने खाली उतरून चारही टायरमधली हवा थोडी थोडी सोडली, पायाखालच्या मॅट काढून चाकांपुढे अंथरल्या, स्वतः स्टिअरिंगवर बसली आणि मला मागून ढकलायला सांगितलं. मी ढकललं. गाडी सुटली आणि मी तोंडावर आपटलो, ते हे कोपर. आता गाडी सुटल्यावर माणूस थांबतो की नाही? नवरा मागे वाळू थुंकतोय हे आरशात दिसतं की नाही? ही थांबली नाही. मऊ वाळूत थांबायचं नसतं म्हणे. थेट पलीकडच्या कडक जमिनीवर जाऊन थांबली, आणि मी भर उन्हात चार मॅट डोक्यावर घेऊन तिथवर चालत गेलो. पोहोचलो तेव्हा ती बॉनेटवर बसून बिस्किटं खात होती. निघताना इंडिकेटरसुद्धा दिला नव्हता.

त्यानंतर गाडी तिच्याकडे गेली ती गेलीच. मी शेजारच्या सीटवर बसलो आणि ब्रेक सांभाळला. साडूभाऊ, आत्मस्तुती मला जमत नाही, पण आज आम्ही दोघं जिवंत आहोत ते माझ्या या पायामुळे. वळण घेताच मधोमध एक उंट उभा होता. मी दाबला ब्रेक. उंटाच्या पोटापासून हातभर अंतरावर गाडी थांबली. कोरड्या नाल्यात उतरताना उतार चांगलाच उभा होता. मी ब्रेक हलका हलका दाबत राहिलो आणि गाडी फुलासारखी खाली उतरली. (तुमचा हा ब्रेक मात्र जरा आळशी झालाय. दाबल्यावर लागायला वेळ घेतो, आणि कधी कधी मी दाबायच्या आधीच लागल्यासारखा वाटतो. आल्यावर बघा.) वाटेतल्या विश्रामगृहात जेवताना मी हे सगळं तिथल्या मालकीणबाईंना समजावून सांगितलं, तर तुमची मेहुणी हसायला लागली. हसली म्हणजे किती, पदराने डोळे पुसले, पाणी प्यायली आणि माझ्या पायाकडे बघून पुन्हा हसली. जीव वाचवणाऱ्याला हसणं मी अजून पाहिलं नव्हतं.

आणि आज दुपारी कळस झाला. रस्ता सरळ, ही भरधाव. तेवढ्यात वाऱ्याने गोल झालेलं एक वाळकं झुडूप उजवीकडून गडगडत रस्ता ओलांडायला लागलं. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. मी ब्रेक दाबला, तो लागेना. पुन्हा दाबला, तरी लागेना. शेवटी माझ्या हाताने आपोआप हँडब्रेक ओढला. गाडीने स्वतःभोवती एक पूर्ण आणि वर अर्धी गिरकी घेतली आणि आलो त्या दिशेला तोंड करून उभी राहिली. झुडूप सुखरूप पलीकडे गेलं.

हिने इंजिन बंद केलं. ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "अहो, मला हे वाळवंट शेवटपर्यंत बघायचंय. उद्यापासून तुम्ही मागच्या सीटवर बसा, नाहीतर पुढच्या पेट्रोल पंपावरून सकाळी घरी जायची बस आहे."

त्याच पंपामागच्या खोलीत बसून हे लिहितो आहे. एक खाट, एक खिडकी, डिझेलचा वास. फोन पुढे पंपाच्या गल्ल्यावर आहे, पण तिथेच ही चहा पीत नकाशा बघत बसलीय, म्हणून पत्र. सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे देणार आहे. मी त्या बसमध्ये असेन की नाही, ते ठरलेलं नाही. मागची सीट ही सामानाची आणि सासूबाईंची जागा. तिथे मी? पण मी बसमध्ये चढलो तर ती खरंच एकटी पुढे जाईल, आणि याची मला भीती वाटते, हे तुम्हाला म्हणून सांगतो. तुम्हीही त्याच घरचे जावई. तुम्ही न्याय करा आणि ताईंकरवी हिला समज द्या.

आपला,
पायावर विश्वास असलेला धाकटा साडू

ता. क. चूक कोणाची ते आल्यावर चारचौघांत बोलूच. उंटाचा मुद्दा विसरू नका.

पुन्हा ता. क. वरचं सगळं लिहून झाल्यावर पेडलखालची वाळू झटकायला गाडीकडे गेलो होतो. शेजारच्या ब्रेकचा रॉड जागेवर नाही. पेडल कशालाच जोडलेलं नाही. वर एक नवी स्प्रिंग बसवलेली आहे, पायाला दाब लागावा म्हणून. काढलेले नट चिंधीत गुंडाळून दोन गाठी मारून सीटखाली ठेवलेत. नटांना अशा दोन गाठी कोण मारतं ते मला माहीत आहे, आणि हे करायला कोणी सांगितलं तेही. साडू म्हणवता? बिनघोर जा म्हणे.

शेवटचा ता. क. आत्ता तासभर खाटेवर बसून विचार केला. म्हणजे उंट तिनेच वाचवला. नालाही तिनेच उतरवला, आणि फुलासारखा उतरवला. साडूभाऊ, मी शिकवलेल्या एकालाही तसा उतरवता आला नसता. (मलाही.) मला कळलंय हे तिला सांगू नका. मागची सीट झाडून ठेवली आहे, पत्र एकटंच बसने येईल. तो रॉड आता जोडू नका. फक्त परत आल्यावर मागच्या सीटपुढे तसंच एक पेडल बसवून द्या. कशालाही जोडायचं नाही, नुसती स्प्रिंग चालेल.