कानबाईजवळची पंखवाली वाघीण

१० ऑगस्ट १९९१, शनिवार. धुळे

पुढच्या रविवारी कानबाई, म्हणजे देवी घरी बसणार. चुना लावायचा म्हणून सासूबाईंनी (यापुढे सा.बा.) घर उलटंपालटं केलंय. सगळ्यांच्या ट्रंका अंगणात, माझीही. तळाशी बिस्किटांचा डबा, डब्यात बबलगमबरोबर येणारे पत्ते. आगीचा पक्षी, तीन शेपट्यांचा नाग, सगळी मंडळी. अकरावीपासून जमवलेत. बी.ए. झालेली बाई गोळ्यांतली चित्रं जपते, हे सासरी कळलं तर झालंच कल्याण! ह्यांनाही सांगितलेलं नाही.

१२ सोम.

डबा जागेवर. हुश्श म्हणून उघडला, तर वाघीण नाही. पंखवाली. तिच्यासाठी मैत्रिणीला चार पत्ते दिले होते मी! केर उपसला, चुन्याच्या बादलीतसुद्धा हात घातला. काय शोधतेस, असं ह्यांनी विचारलं. म्हटलं, कानातलं. मग मोरीत जाऊन रडले.

१६ शुक्र.

नाहीच. देवीच्या नैवेद्याला रोट लागतात, त्यांचे गहू निवडताना चार वेळा तोंडाशी आलं, पण सा.बा.ना विचारू तरी काय?

१८ रवि.

कानबाई बसली. पाया पडून वर बघते तर वाघीण! झेंडूच्या माळेत, देवीच्या शेजारी, कपाळावर कुंकू लावून. सा.बा.ना देवीचं वाहन वाटलं असणार. शेजारच्या काकूंनी विचारलं, ही कुठली देवी? सा.बा. म्हणाल्या, सुनेच्या माहेरची, फैजपूरची. काकूंनी लगेच हात जोडले, मुलीच्या लग्नासाठी नवससुद्धा बोलल्या. सासरची पहिलीच कानबाई, आणि कुणी मागची बाजू पाहिली तर? शिवाय उद्या सगळी सजावट पांझरा नदीत. म्हणजे अब्रू वाचली तर वाघीण गेली.

१९ सोम.

वाजतगाजत नदीवर. बाया फुगड्या घालत होत्या, मला पाय उचलवेना. सा.बा.नी माळा पाण्यात सोडल्या तेव्हा मी तोंड फिरवलं.

घरी आल्यावर त्यांनी मला आत बोलावलं, पदराची गाठ सोडली आणि वाघीण हातावर ठेवली. त्या म्हणाल्या, "पोरी, माले वाचता येस. मांगे गोळीनं नाव छापेल शे."

मी विचारलं, मग देवीजवळ का ठेवली?

"तू इतलं जपीसन ठेयेल व्हतं, म्हनीसन."

तिथेच फतकल मारून बसले. रडले, हसले, दोन्ही. आठवडाभराचं ओझं उतरलं. किती मूर्ख मी, आणि काय बाई आहे ही!

२२ गुरु.

ह्यांना सांगून टाकलं. पोट धरून हसले. हसोत. डबा आता उघड्यावर, कपाटात. कुंकू पुसलं नाही, राहू दे. सा.बा. बाजारातून मूठभर बबलगम घेऊन आल्या, दुपारी दोघी चघळत बसलो. माझ्या पत्त्यांत पाणघोडा तेवढा कमी आहे, तो काही निघाला नाही. त्यांना फुगा जमत नाही, चिडतात.

२७ मंगळ.

सकाळी काकू नारळ घेऊन दारात. मुलीचं जमलं, पिंपळनेरचं स्थळ. फैजपूरच्या देवीचं दर्शन हवं म्हणाल्या. मी सा.बा.कडे बघते, त्या माझ्याकडे. मग त्यांनीच कपाट उघडलं आणि वाघीण देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. काकू किती वेळ डोळे मिटून उभ्या होत्या. मीही हात जोडले, न जोडून सांगते कुणाला. खोबरं गोड निघालं. वाघीण अजून देव्हाऱ्यातच आहे. संध्याकाळी दिवा लावताना काढणार होते, पण दिवा तिच्यापुढेच ठेवला गेला.