खापरी नळाचं वळण

१२ जाने. ९७
नगरला जमिनीखालून पाणी आणणाऱ्या, माणूस सरपटत जाईल एवढ्या जुन्या खापरी नळांचा नकाशा अखेर संगणकावर चढला. चारशे वर्षांपूर्वीचे उच्छ्वास, म्हणजे नळाला हवा मिळावी म्हणून बांधलेले मनोरे, सापडले तेवढे ठिपके. संगणक क्लासवाल्या शैलाताई दुपारी मशीन मोकळं ठेवतात, वर चहा. इटलीतलं त्याच काळातलं फ्लॉरेन्स शहर परदेशात असंच संगणकावर मांडतात, असं माझ्या प्रबंधाचे गाईड सर म्हणाले होते. मग आपलं नगर का नाही?

१९ जाने.
नकाशाचं ऐकून भिंगारचे भीमराव काका क्लासवर आले. पाणीखात्यातून निवृत्त. आजापासून नळ साफ करणारं घर. पडद्याला नाक लावून पाहिलं.
"बाई, हितं नळ सरळ न्हाई. वढ्याच्या अंगानं वळतो."
"कागदात तसं नाही, काका."
"कागद आत उतरला हुता का?"
राग आला. खरं तर स्वतःचाच.

२६ जाने.
काकांबरोबर ओढ्यावर. दरड ढासळलेली, त्यात नळाचं तोंड उघडं. आतून अजून ओला! माझी रेघ तिथून शंभर पावलं लांब. हात जोडले तर काका लाजले.
परतताना म्हणाले, "आजा ह्यात सरपटत जायचा, गाळ काढायला. हौदाला मातर शिवू देत नव्हते." मग, "त्याचं नाव बसंल का तुमच्या मशिनीत?"
तक्त्यात बांधणाऱ्याचा रकाना आहे. साफ करणाऱ्याचा…

२ फेब्रु.
नकाशातली रेघ ओढ्याच्या अंगानं वळवली. शैलाताईंनी साफ करणाऱ्यांसाठी नवा रकाना पाडून दिला. काकांनी आठवून आठवून सात नावं सांगितली. शेवटचं त्यांच्या आईचं, गाळाच्या पाट्या वाहायची. ते टाइप करताना मी दोनदा चुकले.

१६ फेब्रु.
सरांना प्रबंध दाखवला. "नकाशा उत्तम. नावं काढा. लेखी पुरावा नाही."
"वळणालाही नव्हता, सर."
कशी बोलले कोण जाणे. सरांनी चष्मा पुसला. "ठेवून जा. पुन्हा वाचतो."

२३ फेब्रु.
काकांच्या घरी प्रिंट नेली. नावांवरून बोट फिरवत राहिले. "आयचं नाव छापल्यालं पयल्यांदाच बघतोय." काकूंनी खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही. किती दिलं या माणसांनी मला.
फ्लॉपीची एक प्रतही देऊन आले. "मशीन न्हाई घरात, पर ऱ्हाऊ द्या," म्हणत त्यांनी ती कपाटात ठेवली.
सरांचा निरोप अजून नाही.